कुंकू पाण्यात कालवलं होतं

माझ्या जावयाचा उजवा गुडघा वाकत नाही. तो सोफ्यावर बसतो तेव्हा पाय समोर काठीसारखा ठेवून बसतो. घरात नवीन पाहुणा आला की आधी त्या पायाकडे बघतो, मग दुसरीकडे बघतो आणि मग कुणालातरी बाजूला घेऊन विचारतो. तेव्हा आमच्या नात्यातलं कुणीतरी अजूनही सांगतं, की दसऱ्याच्या दिवशी अपघात झाला. सासूनं पूजेच्या वेळी मोटारसायकलच्या ब्रेकला तेलातलं कुंकू लावलं होतं. सांगणारा आवाज खाली आणून सांगतो, कारण सासू, म्हणजे माझी बायको, तिथंच स्वयंपाकघरात त्या पाहुण्यासाठी चहा ठेवत असते. तिला सगळं ऐकू जातं.

ही हकिगत खोटी आहे. ती मी सांगितली असंही म्हणता येत नाही. मी चारचौघांत तिला दोन-तीन प्रश्न विचारले, बाकीचं लोकांनी जुळवलं, आणि जुळवलेलं मी मोडलं नाही. आता माझं वय झालं आहे. मागं राहणाऱ्यांनी खरं काय ते वाचावं म्हणून लिहितो आहे. वाचून कुणाला माझ्याबद्दल बरं वाटेल अशी अपेक्षा नाही.

मोटारसायकल माझी होती. माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत घेतलेली, काळी, टाकीवर सोनेरी पट्टा. तिला पुढं जुन्या पद्धतीचा ड्रमचा ब्रेक होता. म्हणजे चाकाच्या मधोमध एक डबा, त्यात दोन लायनर, आणि मुठीपासून तिथपर्यंत एक तार. नवी असताना तो ब्रेक बरा होता. नंतर तार ताणली, लायनर बदलले, ड्रम घासून आणला, तरी तो मूठ दाबल्यावर थांबायचं की नाही याचा विचार करत असल्यासारखा लागायचा. मला सवय झाली होती. मी मागच्या ब्रेकवर गाडी चालवायचो.

तो बदलायचं कारण जावई झाला. लग्नानंतर पहिल्यांदाच तो फुलंब्रीहून स्वतःच्या नव्या गाडीवर आला होता. जेवण झाल्यावर अंगणात माझी गाडी बघत उभा राहिला. पुढचा ब्रेक दाबून बघितला आणि हसून म्हणाला, "मामा, हा ब्रेक लागतो का, का फोटोपुरता ठेवलाय?"

त्यात काही नव्हतं. नव्या जावयानं सासऱ्याशी जवळीक करायला मारलेला विनोद होता तो. मुलगी हसली, बायको हसली. मीही हसलो. पण मी कारखान्यात टूलरूमचा सुपरवायझर होतो. लोखंडाच्या वस्तूबद्दल माझ्या घरात दुसऱ्या कुणी बोलायचं नाही असा माझा अलिखित नियम होता, आणि तो या पोरानं माझ्याच अंगणात, माझ्याच बायकोमुलीसमोर मोडला होता. ते मी मनात ठेवलं.

दसरा जवळ आला तसा मी शहागंजच्या बाजूच्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्याला सांगितलं, पुढं डिस्क ब्रेक बसवायचा. तो म्हणाला, नुसता ब्रेक बसत नाही, डिस्कला धरणारा कॅलिपर लटकवायला तुमच्या शॉकरवर जागाच नाही. त्याच कंपनीच्या नंतरच्या गाडीचे शॉकर, चाक, डिस्क, मुठीवरची ब्रेक ऑइलची डबी, नळी, सगळं पुढचं अंग बदलावं लागेल. मग बोलता बोलता म्हणाला, या वयाच्या गाडीवर एवढं करून काय करणार, चाचा. त्याला मी असं काही बोललो की त्यानं पुन्हा तो प्रश्न काढला नाही.

काम चालू असताना मी त्याच्या दुकानात स्टूल टाकून बसायचो. त्याला ते आवडत नव्हतं. नळीत ब्रेक ऑइल भरल्यावर तो मूठ दाबायचा, खाली निपल सैल करायचा, बुडबुडे बाहेर आले की पुन्हा आवळायचा. मी मधेमधे सूचना द्यायचो. शेवटी मूठ दगडासारखी घट्ट झाली. गाडी बाहेर काढताना त्यानं हात पुसत सांगितलं, "चाचा, डिस्कला काही लागू देऊ नका. ग्रीस, पॉलिश, काहीच नाही. पकड जाते."

मी म्हणालो, "तू चाक धरायला शिकला नव्हतास तेव्हापासून मी लोखंडात आहे."

ब्रेक मात्र अप्रतिम लागला. दोन बोटांनी दाबलं की गाडी जागच्या जागी. मी ती घेऊन गावभर फिरलो. औषधाला जायचं असलं तरी क्रांती चौकाच्या गर्दीतून जायचो, म्हणजे थांबायला मिळावं. घरी आल्यावर बायकोला बोलावून डिस्क दाखवली. चांदीच्या ताटलीसारखी चकचकीत, भोकंभोकं असलेली. ती म्हणाली, "लई नाजूक दिसती. हिच्यानं एवढी गाडी थांबती व्हय?"

मी तिला म्हणालो, की 'लई' आणि 'व्हय' आता नातेवाइकांसमोर तरी बंद कर. मी अख्खा संसारभर तिचं बोलणं दुरुस्त करत आलो होतो. ती शेंद्र्याकडची, कारखाने यायच्या आधीच्या शेंद्र्याची. माझ्यासमोर बोलताना ती शब्द चाचपून बोलायची, आणि चाचपूनही चुकायची. हे इथं मुद्दाम लिहितो, कारण पुढं जे झालं ते याच सवयीतून झालं.

आमच्या टूलरूममध्ये खंडेनवमीला सगळी हत्यारं बाहेर काढून, पुसून, तेलाचा हात फिरवून मांडायची पद्धत होती. मोजमापाची हत्यारं, ड्रिल, व्हाइस, गोल फिरणारं सगळं काही. उघडं लोखंड कोरडं ठेवायचं नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो. निवृत्त झाल्यावर तीच पद्धत घरी चालू होती. पाने, हातोडी, करवत, बायकोची विळी, अंगणातलं कुदळ-फावडं. खंडेनवमीला पुसायचं, दसऱ्याला सकाळी पूजा करायची.

त्या खंडेनवमीला मी आधी गाडी धुतली. इंजिनखाली लाकडाचा ठोकळा लावून पुढचं चाक उचललं होतं, आरे घासता यावेत म्हणून. मग शेजारीच पोत्यावर हत्यारं मांडली आणि तेलाचं फडकं घेऊन एकेक पुसायला बसलो. पाने झाले, हातोडी झाली, विळी झाली. डोक्यात उद्याचं चाललं होतं, जावयाला गाडी कशी दाखवायची, काय बोलायचं. डिस्कच्या कडेला धुतल्याच्या पाण्याचे डाग पडले होते. मी फडकं मुठीत दुमडलं, डिस्कच्या काठावर दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवलं. टूलरूममध्ये गोल वस्तू अशीच पुसतात. एका फेरीत दोन्ही अंगं होतात. चाक गरगरलं, डिस्क चमकली, आणि मी पुढचं फावडं उचललं.

एवढंच. जे केलं ते मी केलं, आणि ते कुणी बघितलं नाही.

दसऱ्याला सकाळी बायकोनं पूजा केली. ताटात दोन वाट्या होत्या. एकीत निरांजनासाठी तेल, दुसरीत पाण्यात कालवलेलं कुंकू. ती पाणी घालून कालवत होती तेव्हा मी दाढी करत होतो आणि पाणी जास्त झालं म्हणून तिच्यावर ओरडलो होतो, म्हणून मला पक्कं आठवतं. तिनं टाकीवर स्वस्तिक काढलं, हेडलाइटला बोट टेकवलं, झेंडूची माळ मुठीवर घातली. मग वाकून डिस्कवरही एक टिळा लावला. म्हणाली, "हिनंच समद्यांना थांबवायचं, हिला नको व्हय?"

जावई मुलीसोबत सकाळीच आला होता. जेवणं झाल्यावर तो आपट्याची पानं घेऊन फुलंब्रीला आईवडिलांना सोनं द्यायला निघाला. मुलगी दोन दिवस आमच्याकडे राहणार होती. तो आपल्या गाडीकडे वळला, तर मी माझी किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

तो म्हणाला, राहू द्या मामा, माझी आहे की. मी म्हणालो, "आज ही घेऊन जा. फोटोपुरता ब्रेक कसा लागतो ते बघून या. दोनच बोटं लावायची."

सगळे हसले. तो ओशाळला आणि किल्ली घेतली.

नंतर त्यानं सांगितलं, की गल्लीच्या कोपऱ्यावरच त्याला ब्रेक कमी पकडल्यासारखा वाटला होता. पण सासऱ्यानं एवढं कौतुक करून दिलेली वस्तू, आपल्यालाच दाबता येत नसेल असं त्याला वाटलं. परत येऊन सांगावं तर सासरा दुखावेल. हर्सूल गेलं, सावंगी गेली, रस्ता मोकळा होता. चौका गावाजवळच्या उतारावर पुढचा टेम्पो अचानक वळला. यानं दोन बोटं लावली. मग चार लावली. मग मागचा ब्रेक लाथेसारखा दाबला, मागचं चाक जाम होऊन गाडी आडवी झाली, आणि गाडीसकट तो टेम्पोच्या मागच्या लोखंडाखाली गेला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात स्ट्रेचरवर तो शुद्धीवर होता. मला बघून म्हणाला, "मामा, ब्रेक लागलाच नाही."

त्या क्षणी माझ्या हाताला ते फडकं आठवलं. हाताला म्हणतो, कारण डोक्यात यायच्या आधी बोटं दुमडली. मी त्याला म्हणालो, आता बोलू नका, पडून राहा.

जावयाचा थोरला भाऊ तापट माणूस. गुडघ्याच्या वाटीचे तुकडे झाले, पाय सरळच राहील, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तो मिस्त्रीला बघून घेतो म्हणाला. गाडी टेम्पोत घालून माझ्या अंगणात आणली होती. मिस्त्रीला तिथंच बोलावलं. तो आला तेव्हा घाबरलेला होता. अंगणात थोरला भाऊ, त्याचे दोन दोस्त, माझी मुलगी, शेजारचे काही जण, आणि दारात माझी बायको. मिस्त्री उकिडवा बसला, मूठ दाबली, कॅलिपर बघितला आणि मग डिस्कवर बोट फिरवलं. बोट वर केलं तर ते तेलकट लाल होतं.

"इसको तेल कौन लगाया?" तो म्हणाला.

सगळ्यांनी ते लाल बोट बघितलं. तेल होतं म्हणून कुंकू त्यात धरून राहिलं होतं. नुसत्या पाण्यातलं असतं तर वाऱ्यानं कधीच उडून गेलं असतं. हे मला तिथं उभ्या उभ्या समजलं. माझ्या तेलानं तिचं कुंकू जपून ठेवलं होतं.

मला तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी मी बायकोकडे वळलो.

"कुंकू कशात कालवलं होतंस?"

"पाण्यात."

"नीट आठव."

कारखान्यात माल रिजेक्ट झाला की मी कामगाराला असंच विचारायचो. आवाज चढवायचा नाही. पहिल्या उत्तरावर नुसतं म्हणायचं, नीट आठव. माणूस खरा असला तरी दुसऱ्या वेळी अडखळतो. अडखळला की पुढचा प्रश्न बारीक विचारायचा, ज्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. मग तो आपण होऊन कबूल करतो. कितीतरी पोरांच्या सह्या मी अशा घेतल्या होत्या आणि त्याचा मला अभिमान होता.

ती म्हणाली, "पाण्यातच की वो."

"ताटात दोन वाट्या होत्या. दोन्ही सारख्या. डिस्कला टिळा लावताना कुंकवाचं बोट कुठल्या वाटीत घातलंस?"

ती स्वतःच्या बोटाकडे बघायला लागली. अंगणातले सगळे तिच्या बोटाकडे बघायला लागले. मुलगीही.

"मला वाटतं कुंकवाच्या..." ती म्हणाली.

"वाटतं नको. माणसाचा पाय गेलाय."

तिनं ते बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "तेलाची असंल. नाय आठवत. असंल तेलाची."

मिस्त्री उठला आणि मनापासून हात पुसले. तो सुटला होता, त्याला पुढं काही शोधायचं नव्हतं. त्यानं डिस्कच्या आतल्या बाजूला बोट लावलं असतं तर तिथंही तेल निघालं असतं, आणि आतल्या बाजूला टिळा कुणी लावत नाही. थोरला भाऊ म्हणाला, जाऊ द्या, मामींनी काय मुद्दाम केलंय थोडंच, अडाणी माणसाकडून होतं. ते लोक गेल्यावर मी एकटाच अंगणात राहिलो आणि आतल्या बाजूला बोट फिरवलं. मग त्याच फडक्यानं दोन्ही बाजू पुसून काढल्या.

मुलगी आईशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. जावयाची कारखान्यातली नोकरी उभ्यानं करायची होती, ती गेली. भावाच्या दुकानात तो बसायला लागला. मुलगी आमच्याकडे यायची, जेवायची, आईला लागेल तेवढं बोलायची. मी मात्र सुटल्यासारखा झालो आणि जीभ सैल सोडली. भाजीत तेल कमी पडलं की म्हणायचो, सगळं ब्रेकला लागलं वाटतं. पापड तळायला बसली की म्हणायचो, जपून, कुणाला बाहेर जायचंय. लोक हसायचे. एखादी गोष्ट विनोदात म्हणून टाकली की ती खरी आहे का हे कुणी पुन्हा विचारत नाही, हे मला नोकरीत कळलं होतं.

पुढं मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नात झाली. बाळाला तेल लावून न्हाऊ घालणं हे आजीचं काम. माझ्या बायकोनं त्यासाठी घाण्याचं तेल आणून ठेवलं होतं, दोन जुन्या मऊ साड्या फाडून दुपटी शिवली होती. पहिल्या सकाळी ती पाटावर पाय पसरून बसली आणि बाळाला मागितलं. मुलगी बाजेवरूनच म्हणाली, "आई, हिला तेल तू नको लावूस. मी बाई सांगितलीय."

बायकोनं पाय जवळ घेतले आणि उठली.

पलीकडच्या गल्लीतली मालिश करणारी बाई रोज यायला लागली. बायको तिच्यासाठी पाणी तापवायची, तेल कोमट करायची आणि वाटी उंबऱ्यावर ठेवून मागं सरायची. एकदा त्या बाईनं सहज विचारलं, घरात आजी धडधाकट असताना मला कशाला बोलावलंत? मी पेपर वाचत होतो. मी म्हणालो, "आमच्या बाईंच्या हातचं तेल जरा कडक पडतं. जावयाला विचारा."

मालिशवालीला कळलं नाही, पण मी हसलो म्हणून ती हसली. मुलगी हसली. बायकोही हसली. ती कशी हसली ते मी आत्ताही बघू शकतो, आणि लिहून दाखवू शकत नाही.

त्यानंतर तिनं स्वतःच्या केसांना तेल लावणं सोडलं. तिचे केस जाड, लांब होते, ते भुरकट झाले. मी त्यावरही बोललो. दसऱ्याला ती गाड्यांच्या पूजेला पुढं येईनाशी झाली. ताट तयार करून मुलीच्या हातात द्यायची आणि दारात हात मागं बांधून उभी राहायची. मोटारसायकल मी भंगारात घातली, पण पुढचं चाक काढून गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं ठेवलं. का ठेवलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

गेल्या दसऱ्याला जावयानं नवी कार आणली. ती पायाच्या सोयीची आहे, नुसत्या डाव्या पायानं चालते. मुलगी पूजा करत होती. नात आता चांगली मोठी झाली आहे, शाळेत जाते. ती म्हणाली, आजी, तू पण लाव ना कुंकू. मुलगी सहज म्हणाली, "नको गं, आजीच्या हाताला तेल असतं."

त्यात राग उरला नव्हता. आमच्या घरातला नेहमीचा विनोद होता तो. माझाच. बायको नेहमीसारखी हसली. मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "तेल मी लावलं होतं."

मग जावई मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "मामा, आता म्हातारपणी मामींचा गुन्हा अंगावर घेताय होय?" मुलीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिचे डोळे भरले होते. शेजारीण म्हणाली, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. मी पुन्हा म्हणालो, खरंच मी लावलं होतं. ते आणखीच कौतुकानं हसले. त्या दुपारी मला पुरणपोळी आग्रहानं वाढली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको मेथी निवडत होती, तिथं जाऊन मी तिला सगळं सांगितलं. फडकं, चाक, सगळं. ती काड्या मोडत राहिली. मग म्हणाली, "परत आसं बोलू नका. पोरीनं आत्ता कुठं मला माफ केलंय. तुम्ही मधी पडलात तर ती परत समदं इचारंल."

"अगं, पण तू लावलंच नव्हतंस."

"लावलं व्हतं. मला आठवतंय. तेलाच्या वाटीत बोट घातलेलं आठवतंय मला. गार लागलं व्हतं."

ती खोटं बोलत नव्हती. मी तिला नीट आठव म्हणालो होतो, आणि तिनं इतकी वर्षं नीट आठवून आठवून ते तयार केलं होतं.

मी गच्चीवर गेलो आणि चाक खाली आणलं. डिस्क काळवंडली होती, ती घासली. अंगणात ठोकळ्यावर टेकवलं. मुलगी आणि जावई मुक्कामालाच होते, त्यांना बोलावलं. दोन वाट्या आणल्या. एका जागी पाण्यातलं कुंकू लावलं. दुसऱ्या जागी तेलाचं फडकं काठावर चिमटीत धरून फिरवलं आणि त्याच्यावर पाण्यातलंच कुंकू लावलं. ऊन होतं. थोड्या वेळानं पहिल्या टिळ्याला फुंकर मारली तर तो भुकटी होऊन उडाला. दुसरा तसाच ओला, तेलकट लाल. मग चाक उलटं करून आतली बाजू दाखवली. तिथंही तेल होतं.

जावयाला आधी कळलं. पाय सरळ ठेवून तो पायरीवर बसला होता. त्यानं विचारलं, "मामा, त्या दिवशी आतल्या बाजूला तेल होतं?"

"होतं."

"तुम्ही कधी बघितलं?"

"त्याच दिवशी. तुमचे भाऊ गेल्यावर."

तो डिस्ककडे बघत होता. मग म्हणाला, "तुम्ही तेव्हा सांगितलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो. हात आहे, चुकतो. आजही पायासाठी बोलणार नाही." मग म्हणाला, "मामींच्या हातचं पाणीसुद्धा मी किती तरी दिवस घेतलं नाही."

मुलगी उभी होती. ती रडली नाही. माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती, जशी मी कारखान्यात इतरांकडे बघायचो. ती म्हणाली, "'नीट आठव' तुम्ही म्हणाला होतात. मी तिथंच होते."

मी हो म्हणालो.

"आणि मालिशवालीसमोर?"

मी त्यालाही हो म्हणालो. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते, जसं आईशी बोलायची तसं.

ती आत गेली आणि तेलाची बाटली घेऊन बाहेर आली. एका वाटीत तेल ओतलं. नातीला हाक मारून ओट्यावर बसवलं, तिच्या वेण्या सोडल्या, आणि वाटी घेऊन आईसमोर उभी राहिली.

"आई, हिच्या डोक्याला तेल लाव."

बायको दारात होती. तिनं दोन्ही हात पदराला पुसले, जसे ती हल्ली सारखेच पुसते. वाटीकडे बघितलं. हात पुढं केला नाही.

"आई, तू नव्हतं लावलं. बाबांनी दाखवलं आत्ता. तू काही केलं नव्हतंस."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी तो घेतला असता.

"तवा म्हणाले लावलंस, तर लावलं," ती म्हणाली. "आता म्हणत्यात नाय लावलंस, तर नाय लावलं. तू लाव तिला, माझी सवय गेली."

ती आत गेली. मेथीची जुडी अर्धी निवडायची राहिली होती. मुलगी वाटी हातात धरून तशीच उभी राहिली, आणि नात मोकळे केस घेऊन, कुणीतरी तेल लावील म्हणून, मान खाली घालून बसून होती.